आपापलं पाणी

आमचे रसायनाचे मास्तर पहिल्या दिवशी काही शिकवत नसत. नुसते नियम सांगत. कपाटाला पाठ लावून उभे राहायचे, कोटाच्या बाहीवर आम्लाने पडलेलं भोक तळहाताने झाकायचे आणि संध्या म्हणावी तशा एका सुरात सुरू व्हायचे. नळीच्या तोंडाशी नाक न्यायचं नाही, हाताने वारा घालून वास आपल्याकडे बोलवायचा. जिभेला काही लावायचं नाही. या खोलीत साखरसुद्धा साखर समजायची नाही. नळी फुटली तर काचा झाडण्याआधी सांगायचं. डोळ्यांना जे दिसलं तेच तोंडाने बोलायचं. पुस्तकात काय छापलंय ते पुस्तकाला ठाऊक आहे, ते इथे येऊन त्याला सांगायची गरज नाही. पदार्थावर संशय घ्यायच्या आधी पाण्यावर घ्यायचा. आणि शेवटी, जरा आवाज उतरवून, ‘प्रत्येकाने आपापलं पाणी घरून आणायचं.’

त्या वर्षी त्यात एक नवा नियम आला होता. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि वेणी पोलक्यात खोचायची. तो नियम एकटीसाठी होता. ती एकटी म्हणजे मी.

शेवटचा पाण्याचा नियम मास्तरांचा नव्हता, गावाचा होता. जव्हारच्या आमच्या शाळेत त्या एका लांब टेबलाभोवती कोण कोण बसत असे म्हणता? माझ्यासारखी दरबारच्या दफ्तरातल्या कारकुनाची मुलगी, वैद्यांचा मुलगा, बाजारातल्या मुसलमान बांगडीवाल्यांचा मुलगा, साखरशेत-खोडाळ्याकडच्या शेतकऱ्यांची मुलं. एका टेबलाला बसवायचं तर बसवा, पण पाणी ज्याचं त्याने आणायचं, या अटीवर घराघरांतून परवानगी मिळालेली. मग कोणी पितळी तांब्या आणी, कोणी कासंडी, कोणी बाटली. माझ्या शेजारचा खोडाळ्याचा मुलगा गावात मामाकडे राहून शिकत होता, तो सुकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातून आणायचा. त्याच्या तुंब्याला आमच्या तांब्याने शिवायचं नाही, एवढं भान राखून आम्ही हायड्रोजन तयार करत असू.

मी तिथे पोचले कशी, ते सांगते. मुलींना वरच्या वर्गात शास्त्राऐवजी शिवण असे. मी शिवणाच्या वर्गात एक रुमाल करायला घेतला होता. त्यावर पोपट भरायचा होता. माझ्या पोपटाला चोच आली नाही, पाठीला कुबड आलं, आणि शिवणाच्या बाई मोठ्या मास्तरांकडे जाऊन म्हणाल्या, ‘हिला कुठेही घाला, पण माझा दोरा वाचवा.’ मी मात्र घरी येऊन सांगितलं की माझी बुद्धी पाहून मला शास्त्राकडे पाठवलंय. तेव्हाची मी तशीच होते. हनुवटी इतकी वर की पावसाळ्यात नाकात पाणी जायचं. पाढे पाठ, श्लोक पाठ, कविता पाठ. जगात पाठ करण्यापलीकडे काही असतं याचा पत्ताच नाही.

मोठ्या मास्तरांनी मला आत घेतलं ते एका अटीवर. फाल्गुनात शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर मुलीने प्रयोग नीट केला तर मॅट्रिकपर्यंत ती रसायनाला बसेल. त्यांच्यासमोर चुकली तर दुसऱ्या दिवसापासून शिवण. ‘मग रडारड चालणार नाही,’ ते म्हणाले होते. ‘रडण्याचा प्रश्नच येत नाही,’ मी म्हणाले होते.

रडले मी दुसऱ्याच आठवड्यात. नवसागर आणि चुना एकत्र तापवायचे होते. हाताने वारा घालून वास बोलवा, असा नियम. वासाला काय बोलवायचं, तो काय जावई आहे, असं म्हणून मी नळीतच नाक घातलं. डोळ्यांतून धारा. शेजारचा खोडाळ्याचा मुलगा घाबरून मागे सरकला.

‘काय झालं?’ मास्तर.

‘काही नाही. आईची आठवण आली.’

‘आई घरी आहे. इथे आहे तो अमोनिया. त्याला नमस्कार लांबूनच करायचा असतो.’

त्यानंतर नाकाचा नियम मी कधी मोडला नाही. बाकीचे नियम पाळायचे, पण त्यातल्या एकाबद्दल माझं पक्कं मत होतं की तो बिनकामाचा आहे. पाण्यावर संशय घेण्याचा. प्रत्येक प्रयोगाआधी मास्तर म्हणत, नुसत्या पाण्यात कागद बुडवून पाहा. मी कधीच पाहत नसे. आमच्या घरचं पाणी, आईने गाळलेलं, आजीने सोवळ्यात भरलेलं. त्याची परीक्षा घ्यायची म्हणजे आजीचीच परीक्षा घेतल्यासारखं.

फाल्गुन आला आणि विहिरी खाली गेल्या. जव्हारला पावसाळ्यात पाणी रस्त्यावरून वाहतं, आणि होळीच्या सुमाराला त्याच रस्त्यावरून बायका रिकाम्या घागरी घेऊन चालतात. तसे दिवस आले की आमच्याकडे भांडी धूत नसत. चुलीतली कोरडी राख घ्यायची, भांडं घासायचं, आणि फडक्याने पुसायचं. पाणी वाया घालवायचं नाही. साहेब यायच्या दिवशी आईने माझा तांब्या चिंच लावून आधी लखलखीत केला आणि मग जास्तीची राख लावून घासला. पुसला, भरला आणि माझ्या हातात दिला. ‘साहेबांना दिसू दे,’ ती म्हणाली, ‘घर कसलं आहे ते.’ पाणी जरा गढूळ दिसत होतं. मला वाटलं, विहीर खाली गेलीय, तळाचं असेल.

साहेब जाडजूड, पुणेरी पगडीचे. टेबलाभोवती नजर फिरवली, माझ्यापाशी थांबवली. मग मोठ्या मास्तरांकडे बघून म्हणाले, ‘मुलगी?’

‘प्रयोगादाखल ठेवली आहे, साहेब,’ मोठे मास्तर म्हणाले.

म्हणजे नळीत काही असेल-नसेल, प्रयोग मी होते.

मास्तरांनी प्रत्येकाला तीन पुड्या दिल्या. एकीत धुण्याचा सोडा, एकीत चिंचेचं सत्त्व, एकीत मीठ. कुठल्या पुडीत काय ते सांगायचं नाही. आपल्या पाण्यात एकेक विरघळवा, हळद लावून वाळवलेला टीपकागद बुडवा, आणि काय दिसलं ते सांगा. सोड्यासारखा अल्क असेल तर हळद लाल होते. आम्ल असो की मीठ, हळद पिवळीच राहते. हे मला पाठ होतं. पाठ म्हटल्यावर मी निम्मा पेपर जिंकलेलीच होते.

पहिली पुडी, कागद लाल. सोडा. दुसरी पुडी, कागद पिवळा. सत्त्व. तिसरी पुडी उघडली तर खडे दिसत होते. आंधळ्यालासुद्धा कळावं की मीठ. विरघळवलं. कागद बुडवला.

लाल.

मी कागद उजेडाकडे धरला. फिरवून पाहिला. लालच.

शेजारून कुजबुज आली. ‘बाय, पिवळंच सांग. मीठ हाय ते.’

‘मीठ आहे ते मलाही दिसतंय.’

‘मंग?’

‘पण कागद लाल आहे.’

‘मंग कागद दडव की मुठीत.’

सांगते काय, मी मूठ जवळजवळ मिटली होती. समोर शिवणाचा वर्ग दिसत होता, बिनचोचीचा पोपट दिसत होता. पुस्तकातलं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. पण माझं त्या वयातलं डोकं वेगळ्याच दिशेला वळलं. मला वाटलं, मी चुकणं शक्यच नाही. माझे डोळे चुकणं तर त्याहून शक्य नाही. तेव्हा चुकलं असेल ते दुसरंच कोणीतरी. मोठेपणी लोक याला सचोटी म्हणाले. मला विचाराल तर तो निव्वळ माज होता; त्या दिवशी दोघांनी एकच रस्ता धरला, एवढंच.

साहेब एकेकाला विचारत शेवटी माझ्यापाशी आले. ‘काय दिसलं?’

‘लाल, पिवळा, लाल.’

‘तिसरी पुडी कसली?’

‘मिठाची.’

‘मिठाने हळद लाल होते?’

‘होत नाही.’

‘मग?’

‘पण झाली.’

मोठे मास्तर आढ्याकडे बघू लागले. मनातल्या मनात त्यांनी माझ्या हातात सुई-दोरा दिलासुद्धा. गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण गप्प बसायचा नियम मास्तरांनी सांगितलाच नव्हता.

‘साहेब,’ मी म्हणाले, ‘या मिठात चुन्याची भेसळ असणार.’

मीठ दरबारच्या कोठीतून आलेलं होतं. माझे वडील त्याच दरबारच्या दफ्तरात. मोठ्या मास्तरांना खोकला लागला.

‘दरबारच्या मिठात भेसळ?’ साहेब म्हणाले.

‘भेसळ करणाऱ्याला दरबार थोडाच दिसत असतो, साहेब.’

आमच्या मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले. मग पुढे येऊन अगदी शांतपणे म्हणाले, ‘पदार्थावर संशय घ्यायच्या आधी कशावर घ्यायचा?’

‘पाण्यावर,’ मी पुटपुटले.

‘घेतला?’

मी दुसरी नळी घेतली. नुसतं पाणी ओतलं, आमच्या घरचं, गाळलेलं, सोवळ्यातलं. नवा कागद बुडवला. तो असा लाल झाला की सोड्याने लाजावं. सगळं टेबल हसलं. हनुवटी आयुष्यात पहिल्यांदा खाली आली, आणि खाली आली म्हणून तांब्याच्या बुडाशी बसलेला करडा थर दिसला.

‘राख आहे,’ मी म्हणाले. ‘आईने घासलाय.’

‘धुतला नाही?’ साहेबांनी विचारलं.

‘फाल्गुन आहे, साहेब.’

आमच्या गावात एवढं उत्तर पुरे होतं. साहेबांना पुरेना. मास्तरांनी त्यांना समजावलं, इथे पाणी उतरलं की भांडी राखेने घासून नुसती पुसतात. राखेत अल्क असतो. तो पाण्यात उतरला. साहेब ऐकत होते, पण त्यांची नजर माझ्यावरून निघून टेबलावरच्या बाकीच्या तांब्यांवर फिरत होती. माणूस हुशार.

‘मग बाकीच्यांच्या घरी फाल्गुन नाही का?’

टेबलाभोवतीच्या मुठी आणखी घट्ट झाल्या.

‘हात उघडा सगळ्यांनी.’

हात उघडले. वैद्यांच्या मुलाच्या तळहातात विटकरी कागद, चुरगळलेला. त्याच्या पलीकडच्याचा नारिंगी. आणखी एकाने कागद बुटात घातलेला. सगळ्यांनी साहेबांना सांगितलं होतं, पिवळा. बांगडीवाल्यांच्या मुलाचे दोन्ही हात रिकामे.

‘तुझा कागद कुठे?’

त्याने रिकामे तळहात उलटसुलट करून दाखवले. त्याचे ओठ मात्र रंगले होते.

‘गिळलास?’ मास्तर ओरडले. ‘जिभेला काही लावायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं!’

‘हळदच होती, मास्तर,’ तो रडवेला होऊन म्हणाला. ‘घरी दुधातून देतात.’

खोडाळ्याच्या मुलाचा कागद मात्र खरोखर पिवळा. साहेबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला.

‘तू पाणी कशातून आणलंस?’

‘तुंब्यातून.’

‘राखेने घासत नाहीस?’

‘भोपळा हाय, साहेब. घासला तर फुटंल.’

साहेब हसले. मग म्हणाले, ‘ठीक. सगळ्यांनी मिठाचा प्रयोग पुन्हा करा. या पाण्याने.’

सगळे तुंब्याकडे बघत होते आणि कोणी हात पुढे करत नव्हतं. मोठे मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, ‘साहेब, इथे प्रत्येकाचं पाणी—’

‘ते कळलं मला,’ साहेब म्हणाले. ‘आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं तेही कळलं.’ मग माझ्याकडे वळले. ‘तू लाल म्हणालीस. मग आता शेवट तूच लाव. की इथेच थांबतेस?’

इथे थांबले की शिवण. पुढे गेले की घरी आजी. पोपट की आजी, असा तो हिशेब होता. आजीशी भांडता तरी येत होतं. मी नळी पुढे केली.

त्या मुलाने तुंबा उचलला आणि सवयीने हातभर उंच धरला, नळीला लागू नये म्हणून. निम्मं पाणी टेबलावर.

‘खाली धर की,’ मी म्हणाले. ‘सांडतंय.’

‘लागंल ना.’

‘लागू दे. फाल्गुन आहे.’

तुंब्याचं तोंड नळीच्या काचेला टेकलं. टिक्‌ असा आवाज झाला. मीठ टाकलं, हलवलं, कागद बुडवला. पिवळा. पिवळाजर्द.

‘पिवळा,’ मी म्हणाले.

‘मग मघाचं उत्तर चुकलं?’

‘नाही, साहेब. तेव्हा लाल होता म्हणून लाल म्हटलं. आता पिवळा आहे.’

‘आणि दरबारचं मीठ?’

‘ते सुटलं.’

मागून आणखी नळ्या पुढे आल्या. बांगडीवाल्यांच्या मुलाची पहिली, कारण त्याला काहीतरी करून दाखवायचंच होतं. वैद्यांचा मुलगा हाताची घडी घालून बसून राहिला. त्याला कोणी काही म्हटलं नाही.

जाताना साहेबांनी शेरा लिहिला. वर्गात एकाच भांड्यातलं पाणी सर्वांनी वापरावं, नाहीतर प्रयोगांना अर्थ नाही. आणि मुलीला ठेवावं. मोठे मास्तर मला म्हणाले, ‘आमच्याकडून तू राहिलीस. आता घरचे ठेवतात का बघ.’

घरी बातमी माझ्या आधी पोचली होती. आजी ओट्यावर.

‘आलीस? तिथेच उभी राहा. आत पाऊल टाकायचं नाही.’

मागच्या अंगणात गार पाण्याने आंघोळ झाली. विहीर उतरलेली, म्हणून दोन तांब्यांत शुद्ध झाले. तेवढी फाल्गुनाची कृपा. केस पुसत होते तोवर वडील आले, तोंड एवढंसं.

‘दरबारच्या मिठात भेसळ आहे म्हणालीस?’

‘नंतर नाही म्हणाले.’

‘मिठाचं काय घेऊन बसलायस?’ आजी कडाडली. ‘कोणाच्या तुंब्यातलं पाणी घेतलंय ते विचार. घाला तिला उद्यापासून शिवणात.’

आई इतका वेळ भाकऱ्या थापत होती. ती तव्याकडे बघूनच म्हणाली, ‘शिवणात घाला. पण तिने शिवलेली पोलकी घालायची कोणी?’

वडिलांनी कोट खुंटीला लावला. ‘आता ते आपल्या हातात नाही. साहेबांनी शेरा लिहिलाय, तो दिवाणसाहेबांकडे जाणार. एकाच भांड्याचं पाणी, असा हुकूम निघेल. त्यात मी मुलगी काढून घेतली तर मला बोलावून विचारतील, का काढलीत?’

‘म्हणजे आता बाटलं की नाही ते दरबार ठरवणार?’

‘अगं आई, प्यायचं नाहीये ते. कागद बुडवायचाय.’

मला वाटलं, आता गप्प बसावं. आणि मी, नवल म्हणजे, बसले. आजीने मला नखशिखांत न्याहाळलं. तिला आपल्या ओल्या, थरथरणाऱ्या नातीची दया आली म्हणावं, तर आजी तशी नव्हती. तिला नियम हवा होता. नियम मिळाला की तिला कशाचंच भय नसे.

‘कागद बुडव,’ ती अखेर म्हणाली. ‘तोंड बुडवायचं नाही. आणि रसायन असेल त्या दिवशी मागल्या दाराने यायचं, आंघोळ करायची, मग बोलायचं.’

‘आणि मॅट्रिकपर्यंत बसू?’

‘आंघोळीला कंटाळलीस त्या दिवशी उठ.’

मी कंटाळले नाही. थंडीतसुद्धा नाही. कंटाळायला हवं होतं तेव्हा आजी खिडकीतून बघत असायची, म्हणून तर मुळीच नाही.

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या टेबलाशेजारी एक मातीचा डेरा आला. पाणी शाळेमागच्या विहिरीवरून आणायचं, बाकाबाकाच्या पाळीने, जोडी-जोडीने. पहिली पाळी आमच्या बाकाची लागली.

‘तू ऱ्हाऊ दे, बाय,’ खोडाळ्याचा मुलगा म्हणाला. ‘मी एकला आनतो.’

‘एकट्याने आणायचं नाही, असा नियम आहे.’

‘तुला जमंल?’

मला घागर कधी उचलावी लागली नव्हती, हे मी त्याला सांगितलं नाही. घागरीच्या गळ्याला दोरी बांधून बांबू अडकवला, एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. चढावर तो पुढे, सरळ चालणारा, मी मागे, डगमगणारी. घागर दर पावलाला माझ्याकडे घसरायची. पायऱ्यांवर आलो तेव्हा माझा परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला, वेणी सुटलेली, आणि बांगड्या कोपराच्या खाली उतरलेल्या. माझ्यासाठी खास केलेला नियम मी पहिल्याच पाळीला मोडला होता.

वर दारात वैद्यांचा मुलगा उभा. हातात चिमटा, चिमट्यात नळी. त्या दिवशी हाताची घडी घालून बसला होता तोच.

‘अरे, सांडू नका! सांडू नका रे!’ तो ओरडत होता. ‘लवकर आणा, माझी नळी तापलीय!’